कल्पित राज्याचा पोशाख

गेल्या श्रावणात एका दुपारी पावसाने असा जोर धरला की मैदानावरील खेळाचा तास वर्गातच काढावा लागला. नववीच्या मागच्या बाकांभोवती पाच-सहा मुलेमुली घोळका करून बसली होती. मध्ये चौकटीच्या वहीचे चार कागद जोडून केलेला एक नकाशा होता व त्यावर काही फासे पडले होते. फासे म्हटले की आमच्या पिढीच्या शिक्षकाच्या डोळ्यांपुढे आधी द्यूत उभे राहते, मग धर्मराज, आणि त्यानंतर मुख्याध्यापकांची खोली. आम्ही काहीशा कठोर मुद्रेने जवळ गेलो. परंतु तेथे पैशाचा किंवा पैजेचा काही संबंध नव्हता. एकाने कथेकरी व्हावयाचे, इतरांनी त्या कथेतील एकेक पात्र व्हावयाचे, आणि पात्राने जे धाडस योजिले ते साधले की फसले याचा निर्णय फाशाने द्यावयाचा, असा तो खेळ होता. अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या नावाने असा खेळ प्रथम प्रसिद्ध केला. तेथून तो जगभर पसरला, आणि एका विद्यार्थ्याच्या मुंबईच्या मावसभावाबरोबर आमच्या वर्गापर्यंत येऊन पोहोचला.

नकाशावरील राज्य मुलांनी स्वतः रचिले होते. एका बाजूस खाडी, खाडीला लागून मिठागरे, मग बांध, बांधाच्या आत भातशेती, आणि पाठीशी डोंगर. पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आपटा सोडले की जिते लागते, मग हमरापूर, मग पेण. या वाटेने जो कोणी रोज येतो-जातो त्याला तो नकाशा कोठला हे सांगावे लागले नसते. मुलांना मात्र आपण एक अद्भुत परदेश निर्माण केला आहे असे वाटत होते. वहीच्या पुढील पानावर त्या राज्याच्या राजाचे चित्र होते: जांभळ्या मखमलीचा पायघोळ झगा, गळ्याभोवती पांढऱ्या केसाळ कातड्याची पट्टी आणि गुडघ्यापर्यंत चामडी बूट. त्याचे सैनिक डोक्यापासून पायापर्यंत लोखंडात मढविलेले होते.

आम्ही एवढेच विचारले, "हा तुमचा राजा ज्येष्ठ महिन्यात जगतो कसा?"

मुले हसली. मग त्यांतील एक मुलगी, जिचे घर जित्याला आहे, गंभीरपणे म्हणाली, "मग सर, त्याने काय घालावे?"

या प्रश्नाचे उत्तर आम्हांस तेव्हा देता आले नाही. घंटा झाली आणि आम्ही सुटलो. पण प्रश्न काही सुटला नाही, आणि म्हणून त्या मुलांसाठी व त्यांच्या पालकांसाठी हा लेख लिहिण्यास बसलो आहो.

पोशाख ठरविताना प्रथम विचारावे लागते ते हवेला आणि त्यानंतर कामाला. आमच्या खारभूमीत मुरलेली आगरी स्त्री भातलावणीसाठी चिखलात उतरते तेव्हा तिचे लुगडे गुडघ्यापर्यंत वर घेतलेले व कासोटा घट्ट आवळलेला असतो. ते तसे का, हे शोभेच्या शास्त्राला विचारून कळणार नाही. पोटरीभर चिखलाला विचारावे. पुरुषाच्या कमरेला केवळ रुमाल असे, याचेही कारण मिठागराच्या पाण्यात उभे राहणे हेच. आणि इरले! बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पळसाची पाने, आणि हे सारे डोक्यावरून पाठीवर उतरलेले. आम्ही त्याला वस्त्रच म्हणतो. छत्री धरावयाची तर एक हात अडकतो. रोप लावावयाचे तर दोन्ही हात मोकळे हवेत, आणि वाकलेल्या पाठीवर पाऊस तर अखंड पडत असतो. या तीन अडचणींचे उत्तर ज्या कोणी पहिल्याने शोधून काढले त्याचे नाव कोणत्याही पुस्तकात नाही. आता शेतात इरल्याच्या जागी प्लास्टिकचा कागद दिसतो. तो हलका व स्वस्त आहे, म्हणून त्याला आम्ही नावे ठेवीत नाही; पण ज्यांच्या घरी माळ्यावर एखादे जुने इरले पडले असेल त्या मुलांनी ते एकदा खाली काढून त्याची वीण पाहावी.

हवेनंतर प्रश्न येतो तो मालाचा. राजाच्या अंगावर जांभळा रंग चढविणे रंगपेटीत सोपे आहे. पण तुमच्या राज्यात तो रंग येतो कोठून? प्राचीन काळी भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावरील सोर नगरात तो एका जातीच्या शंखातील किड्यापासून काढीत. हजारो शंख फोडावे तेव्हा चिमूटभर रंग हाती येई, आणि म्हणूनच तो राजेलोकांचा रंग झाला. नव्या करारात जांभळी वस्त्रे विकणारी लुदिया भेटते. ती संपन्न असावी असे आपण का समजतो, त्याचे कारण या शंखांत आहे. आमच्या देशात निळीच्या झाडापासून निळा, मंजिष्ठाच्या मुळापासून तांबडा, कुसुंब्याच्या फुलापासून गुलाबी-केशरी असे रंग निघत. तेव्हा खेळातील राज्यात कोणते झाड उगवते, कोणता शंख सापडतो, आणि कापूस घाटावरून येतो की समुद्रातून, एवढे ठरले की अर्धा पोशाख आपोआप ठरला. मुलांच्या नकाशात कापसाचे शेत नव्हते. म्हणजे सारे कापड बाहेरून येणार, महाग असणार, आणि जे महाग ते थोड्यांच्याच अंगावर असणार.

कल्पनेतील माणसाला आपण वस्त्र नेसवितो ते मुळात कोठून घेतो, हेही पाहण्यासारखे आहे. त्यासाठी दूर जावयास नको. पेण तालुक्यातील हमरापूर, जिते व आसपासच्या गावांत गणेशमूर्तींचे कारखाने आहेत. उन्हाळ्यापासून तेथे ओळीने मूर्ती उभ्या असतात, आधी साऱ्या एकसारख्या पांढऱ्या, आणि मग हळूहळू त्यांवर वस्त्रे चढत जातात. आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील या कामात आहेत. त्यांच्याकडे गेलो असता आम्ही विचारले, "पीतांबराला निऱ्या किती घालाव्या याचा काही नियम आहे काय?" ते हसून म्हणाले, "सर, ओल्या मातीत बोट फिरेल तेवढ्या. पण एकदा साचा निघाला की मग हजार मूर्तींना तेवढ्याच."

हे उत्तर आम्हांस फार मोलाचे वाटले. पीतांबर म्हणजे पिवळे वस्त्र, एवढेच शब्दात आहे. त्याची नेसण, त्याचा काठ, शेल्याची गाठ हे सारे कारागिराने आपल्या भोवतालच्या माणसांवरून घेतलेले असते. आणि भोवताल बदलला की तेही बदलते. मालिका-चित्रपटांची लाट आली तेव्हा 'जय मल्हार' मालिकेतील आणि पुढे 'बाहुबली' चित्रपटातील वेषाच्या मूर्तींना मागणी आली. अलीकडे रंगविलेल्या धोतरावर खरे कापडी धोतर व डोक्यावर खरा फेटा बांधण्याची रीत वाढली असून त्यासाठी वेगळे कारागीर लागतात. भक्तीचा भाग आम्ही येथे बोलत नाही, तो ज्याचा त्याचा आहे. वस्त्राचा अभ्यास करणाऱ्यास मात्र या कारखान्यांत बोलके पुस्तक सापडते.

साच्याने जे मूर्तीचे केले तेच छापखान्याने चित्रांचे केले. राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांनी पुराणांतील सीता, दमयंती, सरस्वती यांची चित्रे काढली आणि १८९४ साली मुंबईत शिळाप्रेस काढून त्यांच्या रंगीत प्रती घरोघर पोहोचविल्या. हा छापखाना पुढे घाटावर, लोणावळ्याजवळ मळवली येथे गेला. त्यांच्या पुराणकालीन स्त्रिया पुष्कळ ठिकाणी आमच्याच आजी-पणजीसारखे लुगडे नेसलेल्या आहेत. आज कोणालाही लक्ष्मीचे चित्र काढण्यास सांगा, तो तेच लुगडे काढील. जणू ते अनादि कालापासून तसेच चालत आले आहे. पण अजिंठ्याच्या लेण्यांत पाचव्या शतकातील चित्रे पाहा. तेथे राजे व राण्या यांच्या अंगावर शिवलेले कापड जवळजवळ नाही. कमरेला तलम वस्त्र आणि वर दागिनेच दागिने. शिवलेली चोळी किंवा अंगरखा दिसला तर तो बहुधा दासीच्या, सेवकाच्या किंवा परदेशी पाहुण्याच्या अंगावर. आपण मात्र नाटकात राजाला नखशिखान्त शिवलेले कपडे घालतो आणि सेवकाला उघडा ठेवतो. काळ बदलला की मोठेपणाची खूणही अशी उलटते, हे मुलांनी ध्यानात ठेवावे.

उलट दिशेचाही प्रवाह आहे. रंगभूमीवरच्या कल्पित जगातून वस्त्र खऱ्या घरात येते. नारायण श्रीपाद राजहंस, ज्यांस सारा महाराष्ट्र बालगंधर्व म्हणून ओळखतो (१८८८–१९६७), स्त्रीभूमिका करीत. १९१३ साली त्यांची गंधर्व नाटक मंडळी निघाली. त्यांची शालू-शेले निवडण्याची दृष्टी आणि पदर घेण्याची ढब अशी होती की कुलीन घरांतील स्त्रिया नाटक पाहून घरी गेल्यावर तसे नेसू लागत. एका पुरुषाने वठविलेल्या रुक्मिणीने पुण्या-मुंबईच्या स्त्रियांस नेसणे शिकवावे ही गंमत खरी. या भरजरी हौसेपायी मंडळी कर्जातही बुडाली, हेही सांगितले पाहिजे, नाहीतर पालक म्हणतील की मास्तर मुलांना उधळेपणा शिकवितात.

येथवर आपण वस्त्र कोठून येते ते पाहिले. परंतु राज्य म्हटले की त्यात रीती असतात, आणि वस्त्राची मुख्य रीत म्हणजे ते कोणी कोणास द्यावे व कोणी काय नेसावे ही होय. लग्नात आहेर कोणाचा कोणास, खण कोणाला व लुगडे कोणाला, शेला-पागोटे कोणाचे, यावरून आजही रुसवे होतात. त्याची थट्टा करण्यापूर्वी आग्र्याचा दरबार आठवावा. १२ मे १६६६ रोजी शिवाजी महाराज औरंगजेबाच्या दरबारात गेले. त्यांस मागच्या रांगेत उभे करण्यात आले. त्या दिवशी शाहजाद्यास, वजिरास, जसवंतसिंहास मानाची वस्त्रे मिळाली. महाराजांस मिळाली नाहीत. महाराज संतापून बाजूस झाले, आणि नंतर त्यांस वस्त्र देऊ केले तेव्हा त्यांनी ते घेण्याचे साफ नाकारले. बादशहाने दिलेला पोशाख अंगावर घालणे म्हणजे आपण त्याचे चाकर आहो हे अंगाने कबूल करणे, असा त्या दरबारचा अर्थ होता. प्रथम न मिळाल्याने अपमान, आणि मिळाल्यावर न घेणे हे उत्तर. खेळातल्या कथेकऱ्यास यापेक्षा चांगला प्रसंग तलवारीनेही मिळणार नाही.

आणि जेथे देण्याची रीत आहे तेथे मनाईही आहे. इंग्लंडमध्ये १५७४ साली एलिझाबेथ राणीने जाहीरनामा काढून जांभळे रेशीम, सोन्याची जर इत्यादी कोणत्या दर्जाच्या माणसाने वापरावी हे ठरवून दिले होते. रोमन बादशाहीतही उत्तम जांभळा रंग पुढे बादशहासाठी राखून ठेविला होता. ही दूरची उदाहरणे वाचताना मुलांना गंमत वाटते. जवळची वाचताना तशी वाटू नये.

गोव्यात १७३६ साली धर्मन्यायालयाने, ज्याला इंक्विझिशन म्हणत, एक मोठा हुकूम काढला. त्यात ख्रिस्ती झालेल्या लोकांनी पूर्वीच्या अनेक चालीरीती सोडाव्या असे फर्मावले होते, आणि त्यांत पुरुषांचे पुडवे म्हणजे धोतर व स्त्रियांची चोळी यांवरही बंदी होती. आम्ही स्वतः ख्रिस्ती आहो, म्हणून हे येथे मुद्दाम लिहितो. धोतर हे पाप आहे असे शुभवर्तमानात कोठेही नाही. धर्म बदलला म्हणून नेसण बदललीच पाहिजे हा हट्ट सत्ताधाऱ्यांचा होता. पुढे महाराष्ट्रात पंडिता रमाबाई ख्रिस्ती झाल्या (१८८३), तरी त्यांनी आपला देशी वेष टाकला नाही. आणि मुंबई-वसईकडील ईस्ट इंडियन ख्रिस्ती स्त्रियांनी आपले लुगडे पिढ्यान्‌पिढ्या राखले.

त्रावणकोरात याच्या उलट घडले. तेथे शाणार किंवा नाडार जातीच्या स्त्रियांनी छाती झाकू नये अशी वरिष्ठ जातींची सक्ती होती. मिशनरी शाळांत येणाऱ्या ख्रिस्ती नाडार स्त्रियांनी अंगावर वस्त्र घेण्यास आरंभ केला तेव्हा त्यांची वस्त्रे रस्त्यात फाडण्यात आली, शाळा व घरे जाळण्यात आली. हा झगडा सुमारे चाळीस वर्षे चालला. अखेर २६ जुलै १८५९ रोजी राजाने जाहीरनामा काढून त्यांस अंग झाकण्याची मोकळीक दिली. आणि तीसुद्धा अशी की वरिष्ठ जातीच्या स्त्रियांप्रमाणे मात्र त्यांनी वस्त्र घेऊ नये! अंग झाकण्यास परवानगी मिळाली, बरोबरीची मिळाली नाही.

आता आमच्याच जिल्ह्याकडे येऊ. आजचा रायगड जिल्हा १९८१ पूर्वी कुलाबा म्हणून ओळखला जाई. त्यातील महाड येथे मार्च १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी घेऊन सत्याग्रह केला, हे प्रत्येक विद्यार्थी जाणतो. त्याच वर्षी डिसेंबरात तेथे दुसरी परिषद भरली. तेव्हा बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे वेगळे भाषण केले, हे मात्र थोड्यांस ठाऊक असते. ज्या नेसण्यावरून व ज्या दागिन्यांवरून तुमची जात लांबून ओळखली जाते ते सोडा, असे त्यांचे सांगणे होते. गुडघ्याशी आखूड नेसलेले लुगडे सोडून घोट्यापर्यंत नेसावे, गळ्यातील व हातांतील जड ओझी टाकावी. अनेक स्त्रियांनी तेथल्या तेथे तसे नेसून दाखविले. नवे कापड लागले नाही, पैसा लागला नाही. तेच लुगडे वीतभर खाली आले. पण तेवढ्या वीतभर अंतरात काय होते हे ज्यांनी ते शतकानुशतके वर खोचले होते त्यांस ठाऊक होते.

मागे आगरी स्त्रीच्या लुगड्याविषयी आम्ही लिहिले की ते कामाने वर घेतले. महाडच्या स्त्रियांचे वर होते ते धाकाने. दोन्ही लुगडी पाहणाऱ्यास सारखीच दिसतील. म्हणून कोणत्याही राज्यातील पोशाख, मग ते राज्य खरे असो वा कागदावरचे, नुसता पाहून समजत नाही. त्याला एक प्रश्न विचारावा लागतो: याहून वेगळे घातले तर काय होईल? चिखलातून घरी आल्यावर लुगडे खाली सोडले तर कोणी विचारीत नाही, तो सोयीचा पोशाख. सोडल्यावर कोणी मारावयास येतो, तो हुकमाचा पोशाख. आणि कित्येकदा हुकूम देणारा कोणी दिसतही नाही. आमच्या ब्राह्मण घरांतून केशवपन झालेल्या विधवेस तांबडे आलवण नेसावे लागे. त्यासाठी कोणत्या राजाने शिपाई ठेविले नव्हते. घरच्यांची नजर पुरे होती.

हे सारे आम्ही पुस्तकांतून शिकलो असे वाचकांस वाटेल. तसे नाही. जे शिकलो त्यातील मुख्य भाग एका चुकीने शिकविला, आणि ती चूक आमची होती. सुमारे वीस वर्षांपूर्वी, नोकरीच्या आरंभी, एका शाळेत आम्ही संमेलनासाठी एक लहान नाटक लिहिले होते. कल्पित राज्य, कल्पित राजा, आणि त्याची तिजोरी लुटणारी चोरांची टोळी. राजाचा पोशाख भाड्याने आणला. चोरांसाठी पैसे उरले नाहीत, आणि खरे सांगावयाचे तर विचारही उरला नाही. मुलांना लंगोट्या लावल्या, डोक्याला फडके गुंडाळले, अंगाला कोळसा फासला, कमरेला कोयते दिले. प्रेक्षक खूप हसले. आम्हांस वाटले, वेष छान साधला.

शेवटच्या रांगेत आमच्या सहावीतील एका कातकरी मुलाचे आजोबा बसले होते. कोळशाच्या भट्टीवरून ते सरळ नातवाचे गाणे ऐकण्यास आले होते. कमरेला लंगोटी, डोक्याला फडके, आकडीला कोयता, आणि अंगावर भट्टीची काजळी. नाटक संपण्यापूर्वीच ते उठून गेले. दुसऱ्या दिवसापासून मुलगा शाळेत आला नाही. आठ दिवसांनी आम्ही त्यांच्या वाडीवर गेलो. म्हाताऱ्याने आम्हांस बसावयास गोणपाट घातले, पाणी दिले, आणि कोणताही राग न दाखविता विचारले, "गुरुजी, चोराला माझेच कपडे का घातलेत?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही क्षमा मागितली. ते "असू दे" म्हणाले. मुलगा परत आला, आणि त्याने दहावीही पुरी केली. पण तो प्रश्न आजोबांनी परत घेतला नाही, आणि आम्हीही तो परत दिला नाही. आम्ही नाटकात कल्पना लढविली असे समजत होतो. वास्तविक आम्ही कल्पना केलीच नव्हती. चोर कसा दिसतो हे न शोधता, गरीब कसा दिसतो ते आठवून तेच चोराच्या अंगावर घातले होते. त्या टोळीत एकही मुलगा कातकरी नव्हता, हेही सांगतो. तो दोष झाकण्यासाठी नव्हे. दोष त्याने अधिकच दिसतो.

आमच्याहून शहाणे लोक कोकणात फार पूर्वी होऊन गेले. शिमग्यात संकासूर निघतो तो ज्यांनी पाहिला असेल त्यांनी त्याचा वेष आठवावा: सारे काळे वस्त्र, डोक्यावर उंच निमुळती टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरू. तो असुर आहे, मुले त्याला भितातही आणि त्याच्या मागे धावतातही. पण त्याचा पोशाख गावात कोणाचाही नाही. आगऱ्याचा नाही, कोळ्याचा नाही, कातकऱ्याचा नाही, भटजींचाही नाही. तो पाहून कोणाच्याही आजोबांस घरी जावे लागत नाही. दुष्ट पात्र उभे करावयाचे आणि शेजाऱ्यास दुखवावयाचे नाही, हे अवघड काम एका टोपीने व घुंगराच्या माळेने साधले आहे.

हा लेख लिहून होण्यापूर्वी आम्ही त्या नववीच्या मंडळींपुढे त्यातील बहुतेक भाग तोंडी सांगितला. पुढील आठवड्यात त्यांनी वही आणून दाखविली. राजाचे मखमली पान फाडून टाकलेले होते. नव्या पानावर राजा उघड्या अंगाने, कमरेला शुभ्र वस्त्र, खांद्यावर शेला आणि पायांत काही नाही. कारण, त्यांनी लिहिले होते, या राज्यात मिठाच्या बांधावर जोडा घालून चालणे हा मिठाचा अपमान समजतात. सैनिकांचे लोखंड जाऊन तेथे जाड सुती बंडी आली होती. खाऱ्या हवेत लोखंड एका पावसाळ्यात गंजते हा शोध एका मुलाने घराच्या खिडकीच्या गजांवरून लावला होता. रंगीत काठ फक्त दरबाऱ्यांनी वापरावा असा कायदा होता, आणि त्याखाली तांबड्या शाईत लिहिले होते, 'हा मोडला तर काय होते ते खेळात ठरेल.' पहिल्या पावसाच्या दिवशी राणीने इरले घेऊन सर्वांबरोबर बांधावरून चालावे अशी रीत होती. प्रधानाचा तिला विरोध होता.

शेवटचे पान कोरे होते. वर केवळ 'चोर' असे लिहिले होते. आम्ही त्याकडे बराच वेळ पाहत राहिलो, तेव्हा जित्याची ती मुलगी म्हणाली, "सर, ते अजून ठरले नाही. हा म्हणतो की चोराने राजासारखेच घालावे, कारण त्याने वाडा लुटला आहे. मग त्याला ओळखायचे कसे?"

"तुम्ही काय ठरविणार?" आम्ही विचारले.

"फासा टाकणार," ती म्हणाली, आणि टाकलाही. पण तो बाकाखाली गेला, आणि तो शोधीपर्यंत घंटा झाली.